नकाशाची खालची पट्टी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला पंधरा मिनिटं दिली आहेत. विषय काय घेऊ, असं मी आपल्या ग्रुपवर विचारलं तेव्हा बहुतेकांनी एकच लिहिलं, "गोव्याला राहतेस, गोव्याचं सांग." एकानं खाली पुस्ती जोडली, "मासे सोडून." तर मासे सोडून गोव्याचं सांगते. पण सुरुवात इथूनच करावी लागेल, या वर्गातल्या भिंतीपासून.

आपल्या वेळचा जगाचा नकाशा आठवतोय का? कापडावर चिकटवलेला, गुंडाळून कपाटावर ठेवलेला. भूगोलाच्या तासाला तो आणून खिळ्याला अडकवायचा. त्याची खालची लाकडी पट्टी आणि तिच्याबरोबर चार-पाच बोटं कागद वाळवीनं खाल्ला होता. त्यामुळे आफ्रिकेचं टोक दिसायचं, त्याखाली थोडं निळं पाणी दिसायचं, आणि मग जग संपायचं. सर छडी नकाशाच्या खाली भिंतीवर टेकवायचे आणि म्हणायचे, "इथं अंटार्क्टिका. सगळा बर्फ. एका मार्काला येतो." भिंतीला चुना दिलेला होता, पांढरीशुभ्र. त्यामुळे मला ते अगदी पटायचं. अंटार्क्टिका म्हणजे आपल्या वर्गाची भिंत, असंच माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

तो नकाशा आणायचा मान माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचा होता. ती आज इथे समोर बसली आहे. तिला विचारूनच हे सगळं सांगते आहे. नकाशा भरण्यात तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. कोऱ्या कागदावर ती नदी काढायला लागली की भीमा कुठे वळते आणि कृष्णेला कुठे मिळते, हे न बघता काढायची. बोर्डात तिला भूगोलात माझ्यापेक्षा सहा मार्क जास्त होते. हे मी आजही विसरलेले नाही.

निकाल लागला. मला सायन्सला जायचं होतं, तिलाही. त्यासाठी शिरूर गाठायचं म्हणजे एसटी. सकाळची गाडी मिळायची, संध्याकाळच्या गाडीचा भरवसा नसायचा. फाट्यावर उतरलं की पुढे दोन्ही बाजूंना उसाचे फड आणि मधून अंधारातली वाट. तिचे वडील वाईट नव्हते. त्यांनी खूप विचार केला आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न ठरवलं. माझे मामा शिरूरला राहायचे. मी दोन वर्षं मामींच्या घरी राहिले, मग पुण्याला इंजिनिअरिंगला गेले. वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढलं, शिवाय नदीकडची दहा गुंठे विकली. आज माझी ओळख करून देताना 'हुशार विद्यार्थिनी' वगैरे म्हटलं गेलं. खरं सांगायचं तर माझ्यात आणि तिच्यात फरक एवढाच होता की शिरूरला मामा माझे होते, तिचे नव्हते.

आता गोव्याकडे येते.

यजमानांच्या नोकरीमुळे २००९ साली आम्ही वास्कोला गेलो. मी घरूनच सॉफ्टवेअरचं काम करते. वास्को म्हणजे मुरगाव बंदराचं गाव. तिथे एक सडा नावाचं पठार आहे, तिन्ही बाजूंनी समुद्र. २०१७ च्या मे महिन्यात माझे वडील तिथे राहायला आले होते. त्यांना समुद्राचं फार काही वाटलं नाही. "पाणी लई, पण प्यायला न्हाय," एवढंच म्हणाले. पण रोज संध्याकाळी सड्यावर जाऊन बसायचे. शेतकऱ्याला दिशा विचारायला लागत नाहीत. सूर्य उजव्या हाताला बुडत होता, वडील समोर बोट करून म्हणाले, "हितनं सरळ गेलं तर काय लागतं गं?"

मी इंजिनिअर. रोज अमेरिकेतल्या लोकांशी बोलते. मला उत्तर आलं नाही. म्हटलं, "बघून सांगते, आबा."

घरी येऊन मोबाईलवर नकाशा उघडला आणि बोटानं खाली खाली सरकवत गेले. आणि गंमत बघा, मोबाईलच्या नकाशाचीही खालची पट्टी गायब. हे आपले रोजचे नकाशे ज्या गणितावर बेतलेले असतात, त्यात विषुववृत्तापासून लांब जावं तसा प्रदेश ताणला जातो, आणि ध्रुव तर अनंतावर जातो. म्हणून हे नकाशे करणाऱ्यांनी सुमारे ८५ अंशांवर रेघ मारून पुढचं सरळ कापून टाकलंय. आपला नकाशा वाळवीनं खाल्ला होता, हा गणितानं. आमच्या धंद्यात प्रोग्राम तपासताना आम्ही मधल्या सोप्या आकड्यांवर वेळ घालवत नाही, पहिल्यांदा टोकाचे आकडे देऊन बघतो. चूक असली तर बहुधा तिथेच सापडते. माझ्या भूगोलाचं तसंच झालं. मधलं सगळं पाठ होतं, टोकाला कोरं.

मग रात्री बसून थोडा हिशोब केला. वास्कोहून नाकासमोर दक्षिणेला निघालं तर मालदीवच्या शेजारून जाऊन, खाली थंड समुद्रात हर्ड नावाचं एक निर्मनुष्य बर्फाळ बेट जवळजवळ वाटेतच येतं, आणि मग थेट अंटार्क्टिका. दुसऱ्या दिवशी आबांना सांगितलं. ते म्हणाले, "आणि आपल्या गावातनं निघालं तर?"

तोही हिशोब केला. या शाळेच्या मैदानातून सरळ दक्षिणेला चालत निघा. भीमा ओलांडली की दौंड तालुका, पुढे कर्नाटक, आणि गोकर्ण-होन्नावरच्या पट्ट्यात जमीन संपते. किनाऱ्यालगतची लहान बेटं सोडली तर त्यापुढे अंटार्क्टिकाच्या बर्फापर्यंत जमिनीचा एक तुकडा आडवा येत नाही. आणि तिथे पोचून डावीकडे थोडं वळलं की आपल्या देशाचंच घर आहे, 'भारती' नावाचं संशोधन केंद्र. इथून अंतर सुमारे पावणेदहा हजार किलोमीटर. आबा हसले. म्हणाले, "म्हंजी मधी कुणाचा बांध न्हाय."

त्यानंतर मला नादच लागला. ज्या सड्यावर आबा बसायचे, त्याच पठारावर एक सरकारी संस्था आहे. मी आठ वर्षं तिच्या फाटकावरून भाजी आणायला जात होते आणि पाटी वाचली नव्हती. राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. १९९८ साली ते वास्कोत सुरू झालं, आजचं नाव २०१८ सालचं. देशाच्या अंटार्क्टिका मोहिमांची सगळी आखणी इथून होते. उत्तर ध्रुवाकडे नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ साली सुरू झालेलं 'हिमाद्री' केंद्र आणि हिमालयात स्पितीच्या खोऱ्यात चार हजार मीटरच्या वर असलेलं 'हिमांश', यांचा कारभारही इथूनच चालतो. दक्षिण टोक, उत्तर टोक आणि जगातला सर्वांत उंच बर्फ, तिन्हींच्या दोऱ्या एका दमट, घामट बंदराच्या गावात बांधलेल्या आहेत. मे महिन्यात जिथे आम्ही पंख्याखाली तळमळतो, तिथेच एका प्रयोगशाळेत उणे वीस अंशांत अंटार्क्टिकाहून आणलेले बर्फाचे दंडगोल जपून ठेवलेले असतात. दर वर्षी पडलेल्या बर्फाचा एक थर, त्यावर दुसरा, आणि त्यात त्या त्या काळची हवा बुडबुड्यांत अडकलेली. आमच्याकडे संगणक आपोआप नोंदवही लिहीत जातो, काही बिघडलं की आम्ही मागची पानं उलटून बघतो. पृथ्वीची अशी नोंदवही त्या बर्फात आहे.

आणि हे गोव्यातच का? तर सुरुवातच तिथून झाली. ६ डिसेंबर १९८१ रोजी मुरगाव बंदरातून 'पोलर सर्कल' नावाचं भाड्यानं घेतलेलं नॉर्वेचं जहाज निघालं. एकवीस माणसं. प्रमुख होते डॉ. सय्यद झहूर कासिम. गोव्यातच दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ सालची. तिचे ते आधी संचालक होते. मोहिमेचा फार गाजावाजा केला नव्हता. ९ जानेवारी १९८२ ला आपली माणसं पहिल्यांदा अंटार्क्टिकावर उतरली आणि फेब्रुवारीत गोव्याला परत आली. मी तेव्हा जेमतेम वर्षाची असेन. म्हणजे सर भिंतीवर छडी टेकवत होते त्याच्याही कितीतरी आधी, आपली माणसं त्या भिंतीत जाऊन आली होती.

पुढे 'दक्षिण गंगोत्री' बांधलं, ते काही वर्षांत बर्फाखाली गाडलं गेलं. मग खडकाळ जागा शोधून 'मैत्री' उभं केलं, आणि २०१२ साली 'भारती'. भारती कशाचं बनवलंय माहीत आहे? जहाजावरून माल येतो त्या लोखंडी कंटेनरचं. १३४ कंटेनर एकमेकांना जोडून ते घर केलंय. आमच्या बंदरात थप्प्या लागलेल्या असतात, तसलेच कंटेनर.

आता मोहिमा बहुधा दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनवरून जातात. मला याची गंमत वाटते. ज्याच्या नावानं आमचं गाव ओळखलं जातं तो वास्को द गामा आफ्रिकेच्या त्याच टोकाला वळसा घालून १४९८ ला कालिकतला आला होता. आता त्याच्या नावाच्या गावातली माणसं त्याच टोकाकडे उलट जातात, आणि तिथून आणखी खाली.

आता खास माझ्या मैत्रिणींसाठी. १९८३ च्या डिसेंबरात गोव्याहून तिसरी मोहीम निघाली, तिच्यात दोन बायका होत्या. अंटार्क्टिकावर काम करायला गेलेल्या पहिल्या भारतीय शास्त्रज्ञ स्त्रिया. एक जादवपूरच्या भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता. दुसऱ्या आदिती पंत. नागपुरात जन्मलेल्या, पुणे विद्यापीठात बी.एस्सी. झालेल्या, आपल्या मराठी बाई. पुढे हवाई आणि लंडनला शिकून त्या गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेत आल्या होत्या. आपण ज्या विद्यापीठाचे फॉर्म भरले, त्याच विद्यापीठाची एक मुलगी आपण बालवाडीतही गेलो नव्हतो तेव्हा त्या बर्फावर उभी होती. आणि मी अभियंता होईपर्यंत मला हे नाव माहीत नव्हतं.

दुसरी गोष्ट अगदी ताजी. २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून 'तारिणी' नावाची शिडाची नौका निघाली. लांबी छप्पन्न फूट, म्हणजे आपल्या दोन वर्गांएवढी धरा. आत नौदलाच्या दोनच अधिकारी, दिलना के. आणि रूपा ए. दोघींनी मिळून पृथ्वीला प्रदक्षिणा घातली आणि २९ मे २०२५ ला गोव्याला परत आल्या. वाटेत दक्षिण अमेरिकेचं केप हॉर्न ओलांडलं. त्याआधी, जानेवारीच्या शेवटी, त्या पॉइंट नेमोजवळून गेल्या. पॉइंट नेमो म्हणजे जगाच्या पाठीवर जमिनीपासून सर्वांत लांब असलेली जागा. प्रशांत महासागरात आहे. तिथून कुठल्याही दिशेला गेलं तरी पहिली जमीन दोन हजार सहाशे किलोमीटरच्या पलीकडे. तिथे असताना सर्वांत जवळची माणसं म्हणजे वरून जाणाऱ्या अंतराळस्थानकातली. ते फक्त चारशे किलोमीटरवर.

त्या परत आल्या त्या दिवशीच्या बातम्या बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण मला आठवली ती पॉइंट नेमो नाही. मला आपल्या फाट्यापासूनची अंधारी वाट आठवली. दोन मुली पृथ्वीला फेरी मारून येतात, आणि आपल्या एका मुलीला फाट्यावरून घरापर्यंत यायची सोय करता आली नाही, म्हणून तिचा भूगोल तिथेच संपला.

आबांचं राहिलं. 'मधी कुणाचा बांध न्हाय' म्हणाल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग तिकडचाच वारा आपल्याकडं येत असंल." मी हसले. नंतर वाचलं तेव्हा हसू गेलं. आपल्याकडे जून-जुलै असतो तेव्हा विषुववृत्ताच्या खाली हिवाळा असतो. मादागास्कर, मॉरिशसच्या खालच्या समुद्रावर हवेचा दाब वाढतो. तिथून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडतात, सोमालियाच्या किनाऱ्याजवळ वळतात आणि अरबी समुद्राचं पाणी उचलून सह्याद्रीवर आदळतात. तोच आपला मान्सून. त्याचा मोठा वाटा घाटमाथ्यावर पडतो, आपल्या शिरूर-दौंडच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. बाकीचं भीमाशंकराकडून नदीतून येतं. त्याहून खालच्या दक्षिणी महासागराचा आणि बर्फाचा आपल्या पावसाशी नेमका किती संबंध आहे, याचा अभ्यास अजून चालू आहे. मोहिमांबरोबर हवामान खात्याची माणसं पहिल्यापासून जातात ती त्यासाठीही. पण वारा दक्षिण गोलार्धातून निघतो एवढं नक्की. ज्या माणसानं आयुष्यभर आभाळाकडे बघून शेती केली, त्याला ते बांधावर बसल्यासारखं सड्यावर बसून कळलं.

हे त्यांना नीट समजावून सांगायचं राहून गेलं. 'दिवाळीला येईन तेव्हा सांगते' असं करत करत राहिलं. २०१९ च्या पावसाळ्यात आबा गेले. त्यामुळे 'बघून सांगते' हे वाक्य मी आता जपून वापरते.

यंदा दसऱ्याला माझ्या याच मैत्रिणीचा फोन आला. तिची मुलगी आपल्याच शाळेत दहावीला आहे. येत्या फेब्रुवारीत परीक्षा. अभ्यासात चांगली, नकाशा आईसारखा काढते. तिला शिरूरला सायन्सला जायचंय. वाट तीच आहे. ऊस तोच आहे. आपल्या वेळी उसात कोल्हे असायचे, आता बिबटे आहेत. पहाटे आणि तिन्हीसांजेला मोठी माणसंसुद्धा एकटी बाहेर पडत नाहीत. मैत्रीण म्हणाली, "तुला मामा होते. मी हिला कुणाच्या घरी ठेवू?" सवयीप्रमाणे माझ्या तोंडून निघालं, "बघून सांगते."

तर बघितलं, आणि आज सांगते.

चौकशी केली तर आपल्या गावात आणि वस्त्यांवर मिळून अशा बारा-पंधरा मुली आहेत. सकाळी दारातून नेणारी आणि संध्याकाळी दारात सोडणारी एक गाडी लागेल. दारातच, फाट्यावर नाही. गावातल्याच दोन गाडीवाल्यांशी बोलले. डिझेल आणि चालक धरून महिन्याला वीस हजारांच्या आसपास खर्च आहे. आपण तुकडीतले ४१ जण आहोत. प्रत्येकी पाचशे रुपये धरले तर साडेवीस हजार होतात. ज्यांना जमणार नाही त्यांनी संकोच करू नये, मुलींना गाडीत चढवून द्यायला सकाळी कुणीतरी उभं राहणंही तेवढंच लागणार आहे. पहिल्या वर्षाचा निम्मा खर्च मी उचलते. यात मोठेपणा काही नाही. मामींनी दोन वर्षं माझ्याकडून खोलीचं भाडं घेतलं नाही, ते मी देणं लागते. मामी आज नाहीत, म्हणून इथे देते.

शाळेसाठी मी एक जगाचा नकाशा आणला आहे. खालची पट्टी शाबूत आहे, अंटार्क्टिका पूर्ण आहे. त्यावर 'मैत्री' आणि 'भारती'च्या जागी मी लाल टिकल्या लावल्या आहेत, आणि एक टिकली आपल्या गावावर. तो आठवीच्या वर्गात त्याच खिळ्याला लावावा अशी मुख्याध्यापकांना विनंती केली आहे, त्यांनी होकार दिला आहे. लावायचा मान पूर्वी ज्या मुलीचा होता तिचाच. तिच्याबरोबर तिची मुलगीही येईल.

जेवणानंतर मी गाडीच्या हिशोबाची वही घेऊन खिडकीजवळच्या आमच्या जुन्या बाकावर बसणार आहे. मंडळींनी येऊन नावं लिहावीत. माझं नाव लिहिलेलं आहे, दुसऱ्या ओळीवर. पहिली ओळ मैत्रिणीनं सकाळीच लिहिली, पाचशे रुपये रोख देऊन.

स्वयंपाकघरातून खुणा चालल्यात, पुऱ्या गार होतायत म्हणून. थांबते. नमस्कार.